कंडेलचं पाणी, विसापूरची हजेरी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दुर्गच्या कडेला असलेल्या बोरसीसारख्या वस्त्यांचा पुढचा इतिहास या कारखान्याशी बांधला गेला. नोकरीसाठी देशभरातून माणसं आली, त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबंही होती. हा भाग १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशातच मोडत होता, त्यामुळे जाणंयेणं जुनंच होतं. या कारखान्याचे पैसे कुणी दिले, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

उत्तर सरळ आहे. सोव्हिएत रशियाने फेब्रुवारी १९५५ च्या करारानुसार अडीच टक्के व्याजाने, बारा वर्षांत फेडायचं कर्ज दिलं. ते फेडायचं होतं भारताच्या तिजोरीतून, म्हणजे करातून. बाकीचा खर्चही तिथूनच. रत्नागिरीतल्या काडेपेटी घेणाऱ्या माणसाला ‘भिलाईत कारखाना काढतोय, तुमची हरकत नाही ना?’ असं कुणी विचारलं नव्हतं. काडेपेटीवरच्या अबकारी करातून त्याचा वाटा परस्पर वळता झाला.

करार झाला तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. मूळचे रायगडच्या रोहा परिसरातले. आयसीएसमधल्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी याच मुलखात, रायपूर जिल्ह्यात, जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचं काम केलं होतं. कुठल्या गावावर किती सारा बसवायचा हे शेताच्या बांधावर उभं राहून ठरवलेला माणूस पुढे देशाचा अर्थसंकल्प मांडू लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मुंबईसाठी त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. रायपूरचा भाग बहुधा नसतो. त्यांच्यानंतर आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारी यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी पैसा उभा करताना केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर यांच्या शिफारशींचा आधार घेतला, आणि संपत्ती कर, देणगी कर, खर्च कर असे एकापाठोपाठ एक नवे कर आले. खर्च कर १९६२ मध्ये गेला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये पुन्हा गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपवला. कारखाना मात्र उभा आहे आणि रेल्वेचे रूळ बनवतो आहे.

नागरिकाने न मागितलेल्या सरकारी कामासाठी त्याच्याकडून सक्तीने पैसे घेणं योग्य आहे का, हा प्रश्न आज पोलादावरून नाही, महिन्याच्या हप्त्यावरून विचारला जातो. छत्तीसगडमध्ये मार्च २०२४ पासून ‘महतारी वंदन’ योजनेखाली सुमारे सत्तर लाख महिलांच्या खात्यात दरमहा १,००० रुपये जमा होऊ लागले. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैपासून ‘लाडकी बहीण’ आणली, दरमहा १,५०० रुपये. बोरसीतल्या एखाद्या मराठी घरात भावजयीला महतारीचा हप्ता येतो आणि नागपूरच्या नणंदेला लाडक्या बहिणीचा, आणि दोघींच्या पगारदार नातेवाइकांकडून एकच वाक्य ऐकू येतं: आमच्या टॅक्सच्या पैशावर चाललंय सगळं.

या वाक्यातला ‘आमच्या’ हा शब्द तपासण्यासारखा आहे. आयकर भरणारे देशात थोडे आहेत, हे खरं. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरत नाही, त्यामुळे ते आणखी थोडे होतील. पण महतारीचे हजार रुपये घेऊन बाजारात गेलेली बाई साबण घेते तेव्हा जीएसटी भरतेच. साबणावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होता, आता ५ आहे. तिला पावती मिळत नाही, विवरणपत्र भरावं लागत नाही, म्हणून ती ‘करदाती’ म्हणून मोजली जात नाही, इतकंच. उलट आयकर कापला जातो तो पगाराच्या चिठ्ठीवर दिसतो, म्हणून तो टोचतो.

सक्तीबद्दल कायद्याच्या मनात कसलाही संकोच नाही. मद्रासच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये कराची जी व्याख्या मांडली, तिच्यात सक्ती हाच कराचा गाभा मानला आहे: सार्वजनिक कामासाठी कायद्याच्या बळावर घेतलेला पैसा, ज्याच्या बदल्यात देणाऱ्याला ठरावीक सेवा मिळेलच असं नाही. सेवेच्या बदल्यात घेतात ती फी. पाणीपट्टी भरली तर नळाला पाणी मागता येतं. आयकर भरला म्हणून आपल्या दारातला खड्डा बुजवा, असा दावा लावता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो की कायद्याच्या आधाराशिवाय कुठलाही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. सक्ती करा, पण विधिमंडळाच्या दारातून या, असा त्याचा अर्थ.

एका जागी मात्र घटनेने सक्तीला थेट मनाई केली आहे. अनुच्छेद २७ नुसार, ज्या कराचं उत्पन्न खास एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी राखून ठेवलं आहे, तो भरायला कुणालाही भाग पाडता येत नाही. याच आधारावर हज यात्रेच्या अनुदानाला आव्हान दिलं गेलं. २०११ मध्ये प्रफुल्ल गोराडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. एकूण करातला एखादा छोटा भाग तिकडे गेला म्हणून अनुच्छेद मोडला जात नाही. कराचा मोठा भाग एका धर्मासाठी वापरला तर गोष्ट वेगळी, असा न्यायालयाचा सूर होता. ते अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करा, असं न्यायालयाने २०१२ मध्ये वेगळ्या खटल्यात सांगितलं, आणि २०१८ मध्ये सरकारने ते बंद केलं. ‘माझ्या मनाविरुद्धच्या कामाला माझा पैसा नको’ ही मुभा भारतीय नागरिकाला आहे ती एवढीच. युद्धाला विरोध असलेल्याला संरक्षणखर्चातून सुटता येत नाही आणि दारू न पिणाऱ्याला उत्पादनशुल्काच्या अधिकाऱ्याचा पगार नाकारता येत नाही.

अमेरिकेचे तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये कराच्या या सक्तीच्या मुळावर घाव घातला. कमाईवरचा कर म्हणजे वेठबिगारीच्या तोडीचा. आठवड्यातले काही तास तुम्ही दुसऱ्यासाठी सक्तीने राबता, असं त्यांचं म्हणणं. वेठबिगार ज्या समाजाने खरोखर पाहिली आहे, त्याला हे थोडं अतिशयोक्त वाटेल. पण छत्तीसगडच्या एका गावाने हाच प्रश्न तत्त्वज्ञानाची पुस्तकं न वाचता विचारला होता.

दुर्गपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर धमतरी, आणि त्याच्याजवळ कंडेल. इंग्रजांनी महानदीवर रुद्रीचा बंधारा आणि तिच्या उपनदीवर मुरुमसिल्लीचं धरण बांधायला घेतलं, कालवे काढले. पाणी विकलं जावं म्हणून गावांनी दहा वर्षांचा करार करावा असा सरकारचा आग्रह होता. कंडेलकरांनी हिशेब केला: करारापोटी जी रक्कम द्यायची, तेवढ्यात गावचा मोठा तलाव होईल. त्यांनी नकार दिला. मग १९२० च्या पावसाळ्यात गावाने कालव्याचं पाणी चोरलं असा ठपका ठेवून चार हजारांवर रुपयांचा दंड बसवण्यात आला. आभाळातून पाणी पडत असताना कालव्याचं कोण चोरेल, हे विचारायची गरज कालवाखात्याला वाटली नाही.

गावाने दंड भरायचा नाही असं ठरवलं. मालगुजार छोटेलाल श्रीवास्तव, राजिमचे पंडित सुंदरलाल शर्मा आणि नारायणराव मेघावाले पुढे होते. या शेवटच्या नावाचं वळण मराठी कानाला लगेच कळतं. सरकारने जनावरं जप्त केली आणि आठवडी बाजारांत लिलावाला नेली. बोली लावायला कुणी पुढे आलं नाही. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात हाकलून हाकलून गुरं खंगली, आणि शेवटी सरकारने दंड मागे घेतला. सुंदरलाल शर्मांच्या आमंत्रणावरून गांधीजी डिसेंबर १९२० मध्ये रायपूर-धमतरीला आले, असं छत्तीसगडचा इतिहास सांगतो.

कंडेलकर पाण्याचे पैसे द्यायला मुळातच तयार नव्हते असं नाही. तलावासाठी वर्गणी काढायची त्यांची तयारी होतीच. त्यांचा आक्षेप होता तो ठरवणारे आपण नाही, भाव आपल्याला परवडत नाही आणि न घेतलेल्या पाण्याचेही पैसे मागितले जातात, याला. पुढे याच महानदीवर गंगरेलचं धरण झालं आणि त्याचं पाणी भिलाईच्या कारखान्यापर्यंत पोचलं. तेही सक्तीच्या करातूनच, पण मत देणाऱ्या लोकांच्या.

मराठीत हा हिशेब कंडेलच्याही आधी मांडला होता तो जोतीराव फुल्यांनी. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ घेतला जाई आणि त्याचा एक तृतीयांश शिक्षणावर जाणं अपेक्षित होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात फुल्यांनी सरकारला विचारलं ते साधारण असं: महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे कसं? कर घेऊ नका असं ते म्हणत नव्हते. ज्याच्याकडून घेता त्याच्या पोराला शाळा द्या, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. आजच्या ‘आमचा टॅक्स’च्या तक्रारीपेक्षा ती बरोबर उलट्या टोकाची आहे. तेव्हा गरीब भरत होता आणि सुखवस्तू घेत होता.

या सगळ्या वादाला महाराष्ट्राने एकदा कायद्यातून उत्तर दिलं. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही राज्याआधी.

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर. विठ्ठल सखाराम पागे या भागातले. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यायचंच, ही त्यांची कल्पना १९६५ मध्ये विसापूरला छोट्या प्रमाणावर करून पाहण्यात आली. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात ती योजना झाली, आणि लगोलग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. ज्यांनी तेव्हा मदत म्हणून वाटलेली सुकडी खाल्ली ती माणसं आजही तिची चव सांगतात, आणि ती कौतुकाने नाही. दुष्काळ सरला तरी ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा टिकली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागूनही काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता: रोज किमान एक रुपया.

पैसा कुठून? इथेच पागे आणि त्या वेळच्या अर्थखात्याची खरी करामत आहे. १ एप्रिल १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर सुरू झाला. मुंबईतला कारकून, पुण्यातला डॉक्टर, नाशिकचा दुकानदार, सगळ्यांच्या कमाईतून थोडी रक्कम रोजगार हमीसाठी. जोडीला मोटारवाहन कर, विक्रीकर आणि जमीनमहसूल यांवर जादा आकारणी, बागायती जमिनीवर खास आकार, शहरांतल्या बिगर-निवासी इमारतींवर उपकर. आणि या सगळ्यातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. सक्ती होतीच, पण तिचं कारण कराच्या कायद्याला आणि कामाच्या कायद्याला एकमेकांत गुंफून सांगितलं होतं. शहराने द्यायचं, खेड्याने राबून घ्यायचं.

आळशी लोकांना फुकट पोसतो, हा आरोप या योजनेवर चिकटत नव्हता. मे महिन्याच्या उन्हात किमान मजुरीवर खडी फोडायला जो येतो, त्याची गरज तपासायला दाखला लागत नाही. हजेरीपत्रकावरची खोटी नावं हा रोग अर्थातच होता, आणि मोठा होता. अमेरिकी अभ्यासक रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये आणखी एक अवघड गोष्ट दाखवली: मजूर कामावर जातो ते जमीनवाल्याच्या शिवारात. बांध त्याच्या शेताचा, रस्ता त्याच्या उसाचा, आणि पैसा मुंबईचा. ग्रामीण बड्या शेतकऱ्यांनी योजनेला विरोध का केला नाही, याचं हे अर्धं उत्तर. १९९० पासून रोजगार हमीतूनच फळबागांना अनुदान मिळू लागलं तेव्हा जमीन असणाऱ्यांचा फायदा आणखी उघड झाला. कोकणातल्या काजू-आंब्याच्या आणि सोलापूरकडच्या डाळिंबाच्या कितीतरी बागा त्यातूनच उभ्या राहिल्या. मजुराच्या नावाने घेतलेला कर बागाईतदाराच्या बांधावरही पोचला. हे वाईट झालं असं म्हणवत नाही, पण कर भरणाऱ्या कारकुनाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

हमीची कसोटी लागली १९८८ मध्ये. मजुरीचे दर जवळपास दुप्पट झाले. तिजोरी तेवढी वाढली नाही. मग काय होतं? मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये आकडे तपासून दाखवलं की त्यानंतर कामं मर्यादित केली गेली. मागणाऱ्या प्रत्येकाला काम ही गोष्ट कागदावर राहिली, शिवारात राहिली नाही. खास कर असूनही हक्क पातळ झाला. कराच्या सक्तीला कायदा होता, वसुली अधिकारी होता, दंड होता. कामाच्या सक्तीमागे, म्हणजे सरकारवरच्या सक्तीमागे, रोजचा एक रुपया होता.

ही विषमता आजही जागोजागी दिसते. एखाद्या कामाचं नाव देऊन उपकर घेतला की लोक कमी कुरकुरतात, हे सरकारांना माहीत असतं. महालेखापरीक्षकांच्या २०१८-१९ च्या तपासणीनुसार, केंद्राने त्या वर्षी पस्तीस उपकर आणि इतर आकारांतून २.७४ लाख कोटी रुपये गोळा केले आणि त्यातले १.६४ लाख कोटीच त्या त्या राखीव निधीत गेले. उरलेले सर्वसाधारण तिजोरीतच राहिले. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने घेतला जाणारा उपकर कित्येक राज्यांत वर्षानुवर्षं पडून राहिल्याचंही सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. इमारत बांधणाऱ्याने पैसे दिले, मजुराला मात्र नोंदणी क्रमांकासाठी हेलपाटे.

मग ऐच्छिकच का असू नये? २०१५ मध्ये केंद्राने सुस्थितीतल्या लोकांना गॅस सिलिंडरचं अनुदान आपणहून सोडायला सांगितलं आणि वर्षभरात एक कोटीवर लोकांनी ते सोडलं. माणसं उदार असतात, याचा हा पुरावा आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहं चालवली, हा दुसरा. पण रयत शिक्षण संस्थेलाही पुढे शिक्षकांच्या पगारासाठी सरकारी अनुदान लागलंच. मुठीतून वसतिगृह चालतं, दरमहाचा पगार चालत नाही, आणि दुष्काळाच्या वर्षी तर मूठच रिकामी असते. मदतीची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच वर्गणी सगळ्यात कमी जमते. १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाख माणसांची मजुरी लोकवर्गणीतून निघाली असती, असं कुणी गंभीरपणे म्हणू शकत नाही.

घेणाऱ्याच्या हक्कामागे कायदा आहे का, या कसोटीवर महतारी वंदन आणि लाडकी बहीण तपासल्या तर वादाचं स्वरूप बदलतं. त्यांचा दोष पैसे वाटण्यात आहे की नाही, यावर दोन मतं होतील. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे: दोन्ही योजना सरकारच्या निर्णयावर उभ्या आहेत, रोजगार हमीसारख्या कायद्यावर नाहीत. त्यामुळे विधानसभेची निवडणूक झाल्यावर महाराष्ट्रात पडताळणी सुरू झाली, लाखो नावं वगळली गेली, आणि वगळलेल्या बाईला हक्क म्हणून फारसं काही सांगता आलं नाही. कर देणारा ‘मला विचारलं नाही’ म्हणतो, हप्ता घेणारीही तेच म्हणू शकते. रोजगार हमीच्या मजुराला निदान बेकारी भत्त्याचा तो एक रुपया मागता येत होता.

महाराष्ट्राची कल्पना पुढे देशाने उचलली. २ फेब्रुवारी २००६ पासून राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी सुरू झाली. शंभर दिवसांचं काम आणि अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तिच्या जागी नवा कायदा आणला: दिवस सव्वाशे, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार. छत्तीसगड आणि महाराष्ट्र दोघांनाही. म्हणजे विसापूरचा प्रश्न, पैसा कुठून, पुन्हा राज्यांच्या दारात आला आहे.

महाराष्ट्राजवळ त्यासाठी जुनं हत्यार आहे, पण बोथट. व्यवसाय कराची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने बांधलेली आहे: आधी वर्षाला २५० रुपये, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपासून २,५००. तेव्हापासून रुपया किती घसरला तरी आकडा हललेला नाही. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिना अकरा हजार मिळवणारा पहारेकरी आणि अकरा लाख मिळवणारा बँकेचा अधिकारी दोघेही तेवढेच देतात. महिलांना २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० करा असं सुचवलं, पंधराव्याने १८,०००. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, आणि ती आणायला अजून कुठलंही सरकार पुढे आलेलं नाही. आणलीच, तर ‘हे जादाचे पैसे कुणाच्या हजेरीपत्रकावर जाणार’ हा प्रश्न संसदेत विचारला जाईल की नाही, ते पहारेकऱ्याला आणि बँकेच्या अधिकाऱ्याला दोघांनाही कळायला हवं.